जुन्या पत्त्याचा वारस



 संकेतस्थळं बांधणाऱ्या-चालवणाऱ्यांच्या सभेत अध्यक्षाच्या जागेवरून उद्याच्या तंत्रज्ञानाविषयी बोलायची रीत आहे. मी आज आपल्या टेबलावर रोज पडणाऱ्या एका कामाविषयी बोलणार आहे. प्रकाशकाने पुस्तकविक्रीची एक साइट काढलेली असते, दिवाळी अंकाची दुसरी, लेखकांच्या मुलाखतींची तिसरी. प्रत्येकीचं डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं, जाहिरातींचा हिशेब वेगळा. मग एक दिवस मालक म्हणतात, "हे सगळं एका छत्राखाली आणा." आणि त्याच दमात विचारतात, "पण गूगल पेनल्टी मारणार नाही ना?"

या प्रश्नातच गोंधळ आहे. साइट एकत्र केल्याबद्दल गूगल कुणालाही दंड करत नाही. एकच मजकूर दोन ठिकाणी असला की शिक्षा होते, हाही असाच समज. त्याचं निरसन गूगलने २००८ सालीच केलं होतं: फसवणुकीचा हेतू नसेल तर शिक्षा नाही, दोहोंपैकी एक प्रत निवडून दाखवली जाते, इतकंच. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'कॅनॉनिकल'ची खूण आणली, म्हणजे मूळ प्रत कोणती हे आपणच सांगू शकतो. रीडायरेक्ट केला की पानाचं वजन गळतं, ही धास्तीही जुनीच. २०१६ साली गूगलच्या गॅरी इल्येस यांनी ३०-मालिकेतल्या रीडायरेक्टमुळे पेजरँक घटत नसल्याचं जाहीर केलं.

मग विलीनीकरणानंतर ट्रॅफिक कोसळतं ते का? जुना पत्ता ज्याच्या हाती आहे, त्याला आपण उत्तरच ठेवलेलं नसतं म्हणून. तो वाचक असेल, दुसऱ्या साइटवरचा दुवा असेल किंवा गूगलचा बॉट असेल. तिघेही त्याच दारावर येतात आणि तिघांनाही तिथे कुलूप दिसतं. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला याची नोंद हीच शेतकऱ्याची खरी मालमत्ता होती. आपल्या धंद्यातही तसंच आहे. जुन्या प्रत्येक पत्त्यापुढे नवा पत्ता लिहिलेली यादी हीच विलीनीकरणाची मूळ कागदपत्रं. डिझाइन नंतर.

हे काम नेटकं कसं करतात, याचा माझ्या माहितीतला सर्वांत मोठा धडा ब्रिटनच्या सरकारने दिला. मार्था लेन फॉक्स यांनी २०१० साली तिथल्या सरकारला अहवाल दिला, की नागरिकांसाठी एकच साइट असावी. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'गव्ह डॉट यूके' सुरू झाली आणि 'डायरेक्टगव्ह' व 'बिझनेस लिंक' या दोन मोठ्या साइट तिच्यात विरल्या. पुढे मंत्रालयांची खाती आली, त्यानंतर तीनशेहून अधिक छोट्यामोठ्या संस्था आल्या. सगळं एका रात्रीत उरकलं नाही. गटागटाने, २०१४ च्या अखेरपर्यंत चाललं. आपल्यासाठी महत्त्वाचा भाग पडद्यामागचा आहे. जुन्या पत्त्यांचे त्यांनी दोनच वर्ग केले: नव्या साइटवर ज्याचा वारस आहे तो पत्ता थेट त्या पानावर पाठवायचा, आणि ज्याचा वारस नाही तिथे '४१०', म्हणजे हे पान काढून टाकलं आहे, असं स्पष्ट सांगून नॅशनल आर्काइव्हजमधल्या जतन केलेल्या प्रतीचा दुवा द्यायचा. दारावर उभं राहून हे काम करणाऱ्या प्रोग्रामला त्यांनी नावही 'बाउन्सर' दिलं होतं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. वेळ नसतो, म्हणून जुने सगळे पत्ते सरसकट होमपेजवर वळवले जातात. कुणालाच '४०४' दिसत नाही, म्हणून अहवाल छान दिसतो. पण अनारशांची कृती शोधत आलेल्या बाईंना मुखपृष्ठावर आणून सोडलं तर त्या दोन सेकंदांत परत जातात, आणि गूगल अशा वळणाला 'सॉफ्ट ४०४' मानून बाजूला काढतं. पानाला वारस नसेल तर खुशाल '४१०' द्या. त्यात कमीपणा नाही.

मराठी साइटच्या बाबतीत जुन्या-नव्या पत्त्यांच्या या यादीत एक खास मेख आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं खातं. वर्डप्रेसमध्ये पत्त्यातल्या मथळ्यावरून बनणाऱ्या भागाला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम बावीस चिन्हं, त्यांत काना, मात्रा, वेलांटी सगळं धरून. 'महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी नवी योजना' असा मथळा द्या. पत्ता 'शेतकऱ्या'पाशी तुटतो, अनुस्वारसुद्धा बाहेर राहतो. पुढच्या आठवड्यात याच शब्दांनी सुरू होणारी दुसरी बातमी आली की तिला शेपटीला '२' लागतो. आता तीन साइट एकत्र करताना मथळ्यांवरून पत्ते जुळवायला बसलात तर कुठलं पान कुठे गेलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

त्यातच 'शेतकऱ्यां'मधला तो ऱ. कुणी तो एकाच चिन्हाने टाइप केलेला असतो, कुणी र खाली नुक्ता देऊन, कुणी र चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. सर्व्हरच्या लेखी तीन वेगळे पत्ते. म्हणून यादी मथळ्यांवरून किंवा एक्सेलमध्ये हाताने टाइप करून बनवू नका. ती सर्व्हरच्या लॉगमधून, जुन्या साइटमॅपमधून आणि सर्च कन्सोलमधून जशीच्या तशी उचला.

बाकीची शिस्त थोडक्यात सांगतो. रीडायरेक्ट कायमस्वरूपी, म्हणजे '३०१' हवा. तो एकाच उडीत शेवटच्या पानावर पोचावा. गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो, म्हणून त्याला दहा मारायला लावायच्या असं नाही. जुन्या साइटला रोबोट्सच्या फाइलमध्ये कुलूप घालू नका, कारण बॉट आत आलाच नाही तर त्याला नव्या पत्त्याची पाटी दिसणार कशी? एकाच विषयावर तीन साइटवर तीन लेख असतील, तर तिन्हींतलं उत्तम घेऊन एक करा आणि उरलेल्या दोघांना त्याच्याकडे वळवा. आणि सगळ्या साइट एका दिवशी हलवू नका. एक हलवा, स्थिर होऊ द्या, मग दुसरी. काही बिघडलं तर नेमकं कशामुळे, हे त्याशिवाय कळत नाही.

जाहिरातींचं मात्र वेगळं आहे. इथे नियम खरोखरच आडवे येतात. गूगल ॲड्समध्ये जाहिरातीत जुनं डोमेन आणि क्लिक केल्यावर उघडतं नवं, असं झालं की जाहिरात नामंजूर होते. म्हणून क्रम पाळायचा: आधी नवी पानं उभी करा, मग जाहिरातींतले पत्ते बदलून मंजुरी घ्या, आणि त्यानंतर रीडायरेक्ट सुरू करा. पत्त्याच्या शेवटी क्लिकची ओळख सांगणारी जी शेपटी येते, ती वळणावर गळू देऊ नका. ती गळली तर विक्री होते, पण ती कुठल्या जाहिरातीमुळे झाली याचा पत्ता लागत नाही आणि चांगली चाललेली मोहीम बंद करायची पाळी येते. ज्यांचं उत्पन्न ॲडसेन्सवर आहे, त्यांनी नव्या डोमेनची मंजुरी आधी मिळवावी आणि 'ॲड्स डॉट टीएक्सटी' ही फाइल त्याच्या मुळाशी ठेवावी. ती फाइल जुन्याच घरात राहिली तर महिनाअखेरीला कमाईचा आकडाच ते सांगतो.

शेवटचा मुद्दा पैशांचा. नवी साइट उभी राहिली की जुन्या डोमेनचं वार्षिक शुल्क मालकांना फुकटचा खर्च वाटू लागतं. ते भरलं नाही की डोमेन बाजारात जातं, आणि ज्या नावावर वर्षानुवर्षं वाचकांनी विश्वास ठेवला, त्या नावावर कुणीतरी जुगाराची जाहिरात थाटतो. हा प्रकार इतका माजला, की गूगलला मार्च २०२४ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र नियम करावा लागला. प्यू रिसर्च सेंटरने त्याच वर्षी दाखवून दिलं, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठीत आधीच मजकूर थोडा. त्यातला आपल्याच हाताने किती बुजवायचा, याचा विचार आपणच करायला हवा.

म्हणून अध्यक्ष या नात्याने तीन सूचना या सभेपुढे ठेवतो. विलीनीकरणाच्या प्रत्येक करारात पत्त्यांची यादी हे स्वतंत्र काम असावं आणि त्याचा मोबदला वेगळा असावा. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. आपण करारात पाच वर्षं लिहावीत, आणि जुन्या डोमेनचं तेवढ्या मुदतीचं शुल्क पहिल्याच बिलात घ्यावं. आणि वारस नसलेल्या पानांची प्रत पुसण्याआधी एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहाकडे सोपवावी. उद्याच्या खुल्या सत्रात यांवर चर्चा व्हावी, विरोध असेल तर तो नोंदवावा, आणि पटलं तर ठराव करून ही कलमं आपल्या नमुना करारपत्रात घालावीत.