शिट्टी बाईच्या हातात

आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. हसू नका! आपल्याकडे मुली खो-खो, कबड्डी खेळतात आणि फुटबॉल पोरांचा, असंच आपण धरून चाललोय. पण आज सांगायचंय ते एका खेळाडू बाईचं खेळणं थांबल्यानंतरचं.

गोव्याच्या मेमोल रॉकी. या भारताकडून फुटबॉल खेळल्या. खेळणं संपल्यावर त्या शिकवण्याकडे वळल्या आणि २०१७ साली भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्या बाई. संघ मुलींचा, पण तोवर शिट्टी पुरुषाच्याच हातात! आम्हाला याचं नवल वाटलं, आणि मग वाटलं की नवल कसलं, आपल्या गावच्या शाळेतही तसंच आहे की.

२०१८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या मुली ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत पहिल्यांदाच दुसऱ्या फेरीत गेल्या. मार्च २०१९ मध्ये नेपाळात बिराटनगरला त्यांनी नेपाळलाच ३-१ असं हरवून दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा जिंकली. लगेच एप्रिलात म्यानमारमध्ये ती दुसरी फेरी झाली. तिथे इंडोनेशियाला हरवलं, नेपाळला हरवलं. शेवटचा सामना म्यानमारशी, त्यांच्याच मैदानावर. जिंकलं तरच पुढे. भारत ३-२ असा पुढे होता, आणि सामना ३-३ वर सुटला. एका गोलानं राहिलं. त्याच डिसेंबरात दक्षिण आशियाई खेळांत पुन्हा सोनं आलं. २०२१ मध्ये घरगुती कारण सांगून मेमोलताईंनी पद सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचं. पण प्रशिक्षकाचं काम नीट पाहा. कोणाला उतरवायचं, कोणाला बसवायचं, बसवलेलीची समजूत कशी घालायची. संघाच्या व्यवस्थापकाचं काम पाहा. एसटीचं तिकीट, जेवण, जन्माचे दाखले, स्पर्धेचा अर्ज, मुलींच्या झोपण्याची सोय. यातलं कोणतं काम आपल्या बचत गटातल्या बायकांना येत नाही?

आणि लिहिणं. कोण किती दिवस आली, कोणाचा गुडघा दुखतो, पाळीच्या दिवसांत कोण घरी बसते, कोणाचं लग्न ठरलं म्हणून येणं बंद झालं, हे सगळं वहीत उतरवणारं कोणीतरी लागतं. आपण हप्त्यांची नोंद ठेवतो, तशीच ही. अशी वही असली की पुढच्या वर्षी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन मागणी करताना हातात काही असतं. नुसतं तोंडी सांगितलेलं तिथे कोण ऐकतं!

साक्री असो, शिरपूर असो, शिंदखेडा असो, आपल्या गावांत शाळेच्या संघातून खेळलेल्या सुना आहेत. तालुक्याला, जिल्ह्याला जाऊन आलेल्या. लग्नानंतर त्यांना कोणी विचारलंच नाही. इकडे नववी-दहावीतल्या मुलींचा खेळ सुटतो, कारण संध्याकाळी मैदानावर बाईमाणूस नसतं आणि आईचा जीव घाबरतो. आम्ही त्या आयांना दोष देत नाही. पण मैदानावर शेजारची वहिनीच शिट्टी घेऊन उभी असली, तर किती आया नाही म्हणतील?

येत्या बैठकीत गटात एवढंच विचारा की शाळेत कोण कोण खेळलं होतं. जिचा हात वर येईल तिच्या सासूबाईंशी आधी बोला, मग तिच्याशी. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरे आहेत. त्या दोन दिवशी तिच्या घरच्या भाकरी कोण थापणार, तेही त्याच बैठकीत ठरवा. शाळेच्या मैदानासाठी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत गटाच्या फायलीत ठेवा.