हजेरीवहीत न लिहिलेलं कारण

(तालुक्यातील महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. 'शौचावरचा ताबा सुटणे.' हसू येणारच. पाळी, गर्भपात, नवऱ्याची मारहाण यांवर आपण बोलायला शिकलो, पण हा विषय अजून आपल्या बैठकीत आलेला नाही.

एका वस्तीतल्या बचत गटात एक मावशी होत्या. हिशोबाला पक्क्या. अचानक त्या यायच्या बंद झाल्या. मी घरी गेले तर म्हणाल्या, "ताई, घरात अडचण आहे." मी हजेरीवहीत लिहिलं, 'घरगुती अडचण', आणि निघून आले. दारात वाळत घातलेली धडुती मला दिसली होती. ती कशाची, हेही मला कळलं होतं. कारण तशीच धडुती माझ्या घरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाहीत अशी वाळत होती.

माझं पहिलं बाळंतपण नऊ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात झालं. कळा देऊन मी थकले होते. एकीने वरून पोट दाबलं, मग चिमटा लावून बाळ काढलं. टाके घातले. कार्डावर लिहिलं, 'नॉर्मल'. घरी आल्यावर वारा सरला तरी मला कळेना आणि पातळ झालं की थांबवता येईना. बसने जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची. समाजकार्यात एम.ए. केलेली मी, बायकांना 'बोला' म्हणून सांगणारी, दोन वर्षं कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशीही नाही.

आता शरीराचं समजून घेऊ. शौचाच्या जागेभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण मनाने आवळतो. मूल बाहेर येताना फाटलं आणि ती चीर या स्नायूंपर्यंत गेली, तर त्यांची पकड जाते. पहिलं बाळंतपण, मोठं बाळ, चिमटा, लांबलेल्या कळा यांत हा धोका वाढतो. तेव्हाच नीट पाहून, ओळखून स्नायू शिवला तर बहुतेकींचं चांगलं भरून येतं. पाहिलंच नाही, तर वरची कातडी शिवली जाते आणि आतला स्नायू तसाच राहतो. काहींना त्रास लगेच होतो, काहींना पाळी जाण्याच्या वयात.

पण कारण दरवेळी बाळंतपणच असतं असं नाही. जुनाट जुलाब, मधुमेह, मूळव्याधीचं किंवा भगेंद्राचं ऑपरेशन, मणक्याची इजा हीही कारणं आहेत. म्हातारपणी गुडघे धरल्यामुळे संडासापर्यंत वेळेत पोचता येत नाही, हेही एक.

आणि एक कारण फसवं आहे. मावशींचं तेच होतं. बद्धकोष्ठाने आत खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत राहतं. बाईला वाटतं जुलाब. मावशींनी दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून खाल्ल्या, तो खडा आणखी घट्ट झाला. सहा महिने त्या घरात वेगळ्या बसत होत्या. सुनेने देवघरात येऊ नको म्हटलं होतं. दुखणं होतं आतड्याचं, घरच्यांनी त्याचा विटाळ केला.

मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. या वेळी आधी माझं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेली, तुलाबी होतंय?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो.

घरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, कधी झालं, घट्ट की पातळ, ताबा कधी सुटला. लिहिता येत नसेल तर खुणा करा. चहा, तिखट, दूध यांतलं काय बाधतं ते त्यातून कळतं. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, म्हणून सकाळी खाऊन अर्ध्या तासात, घाई न करता संडासला बसा. पातळ होत असेल तर इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करा, पुरेशा पाण्याबरोबर. उपाशी राहू नका. पोट रिकामं ठेवून आजार जात नाही, अंगातली ताकद जाते.

व्यायाम असा: वारा अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं. मनात पाच अंक मोजेपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका, मांड्या आणि ढुंगण आवळू नका. निदान तीन महिने करा. आठ दिवसांत फरक पडत नाही. जागा पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडी करा आणि खोबरेल तेलाचा हात लावा.

एवढ्याने भागत नसेल तर तपासणी करून घ्या. औषधं आहेत, फिजिओथेरपी आहे, फाटलेला स्नायू शिवायची शस्त्रक्रिया आहे. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, तर थांबू नका. अंगावरून, म्हणजे योनीमार्गातून मळ येत असेल तर तिथे भोक पडलेलं असू शकतं. ते व्यायामाने भरत नाही, सर्जनला दाखवावंच लागतं. आणि ताबा अचानक गेला, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, लघवी अडली, पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

हे सगळं एकेका बाईने आपापल्या घरात करायचं आणि आपण गप्प बसायचं, असं मात्र नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. दुखणं होतंच, विचारलं कुणी नव्हतं. इथेही तेच आहे.

म्हणून मागणी करू. बाळंतपणानंतर टाके घालण्याआधी पुरेशा उजेडात, शौचाच्या जागेसकट तपासणी व्हावी. चीर किती खोल होती ते कार्डावर लिहावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट म्हटलं आहे की वरून पोट दाबू नये आणि सरसकट प्रत्येकीला चिरा देऊ नये. हे आपल्या लेबर रूममध्ये पाळलं जातं का, ते विचारू. बाजारात, एस.टी. स्टँडवर, कामाच्या जागी पाणी असलेला, कडी लागणारा संडास मागू. त्याशिवाय कित्येक बायका घराबाहेरच पडत नाहीत.

आणि आपल्या गटापासून सुरुवात करू. बाळंतीण भेटली की बाळाचं वजन विचारतो, तसंच हेही विचारू: "वारा, संडास धरता येतो ना?" सासूसमोर नको, एकटीला गाठून.

मी व्यायामाने बरीच सुधारले. पूर्ण नाही. आजही पिशवीत एक जास्तीचा कपडा असतो. मावशी बैठकीला येतात, दाराजवळ बसतात, मध्येच उठून जातात. कुणी विचारत नाही. हिशोब पुन्हा त्यांच्याकडे आहे. त्या हजेरीवहीतली ती ओळ मी खोडलेली नाही. परत कुणी यायची थांबली, तर तिच्या नावापुढे तसं लिहून मोकळं व्हायचं नाही, एवढं मला ती आठवण करून देते.