देऊळ उभे राहिले, आता मुलांकडे पाहू
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. माझे शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, आणि गेली वीसेक वर्षे तालुका कचेरीत लोकांचे अर्ज पाहणे हे माझे काम. देवाधर्माविषयी बोलण्याचा अधिकार कीर्तनकार बुवांचा. मी मला ठाऊक असलेल्या विषयावर, म्हणजे आपल्या शाळकरी मुलांवर आणि त्यांच्या घरांवर बोलणार आहे.

देऊळ कसे उभे राहिले ते आपण सर्वांनी पाहिले. कोणी रोख वर्गणी दिली, कोणी चिरा आणून टाकला, कोणी आठ-आठ दिवस श्रमदान केले. मुंबईकर मंडळींनी पगारातून पैसे बाजूला काढून पाठविले. ज्याला पैसा देता आला नाही त्याने खांद्यावर पाटी घेतली. या कामाची वही मी पाहिली आहे. तीत गावातील एकही घर वगळलेले नाही. माझे आजचे सगळे बोलणे त्या वहीवरून सुचले आहे. देवळासाठी गाव अशी वही घालू शकते, तर मुलांसाठी का घालू नये?

देऊळ आणि शाळा यांचे नाते नवे नाही. आपल्या कोकणात कित्येक गावांच्या शाळा पहिल्यांदा देवळाच्या पडवीत भरल्या. पुढे शाळेला इमारत झाली, तेव्हा मुले तिकडे गेली, आणि गावाला वाटू लागले की शिक्षण हे आता गुरुजींचे आणि सरकारचे काम.

आता कचेरीत मी काय पाहतो ते सांगतो. जून महिना उजाडला की आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात उभे राहायला जागा उरत नाही. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कोणाला अधिवासाचा, कोणाला जातीचा. भात पेरायचे टाकून आई-वडील आलेले असतात. प्रवेशाची मुदत दोन-चार दिवसांवर आलेली असते आणि हातात कागद अर्धेच असतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही आणि मुलांच्या बुद्धीचा तर नाहीच. काय लागते, केव्हा लागते, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते.

एका मुलीची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. बारावीला उत्तम गुण मिळाले होते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची जुनी नोंद हवी होती, घरात कागद एकही नव्हता. आजोबा लहानपणी दुसऱ्या गावी मामाकडे राहून दोन इयत्ता शिकले होते, एवढे आजीला आठवत होते. त्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचे नाव निघाले. दाखला मिळाला, मुलगी आज नोकरीत आहे. परंतु त्या शोधात घरच्यांचे तीन आठवडे गेले, आणि आणखी एक आठवडा गेला असता तर मुलीचे वर्ष गेले असते.

म्हणून सर्वांनी हे लिहून घ्यावे. जातीच्या दाखल्यासाठी ठराविक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. वडील, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांपैकी कोणाचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म-मृत्यूची नोंद असेल, तर तिची नक्कल आजच काढून ठेवा. मूल पाचवीत असताना हे काम निवांतपणे होते. बारावीच्या निकालानंतर तेच काम जिवावर येते. आणखी एक. विद्यार्थ्याच्या अशा दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता आपल्या दाराशी काय काय आहे ते पाहा. निजामपूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. साऱ्या रायगड जिल्ह्याचे हे विद्यालय आपल्या माणगाव तालुक्यात आहे. पाचवीतील मुलांची परीक्षा घेऊन सहावीत प्रवेश देतात. राहणे, जेवण, पुस्तके, शिक्षण मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना आहेत. परीक्षा मराठीतून देता येते, परंतु ती एकदाच देता येते. पाचवीचे वर्ष हुकले की दार बंद. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची मुले तिथे येऊन शिकतात, आणि तालुक्यातल्या कित्येक घरांना मात्र या अर्जाची वार्ता मुदत उलटल्यावर कळते.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे. परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तांत्रिक शिक्षणासाठी लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेही आपल्याच तालुक्यात. गोरेगावजवळ वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची व तरुणांची शिबिरे भरतात. मुंबई-पुण्यास जाऊन मिळणाऱ्या गोष्टी एस. टी.च्या एका तिकिटावर आहेत. अडचण एवढीच, की ही वाट घरापर्यंत येत नाही. ती आणण्याचे काम गावाने करावे, एवढेच माझे मागणे आहे. त्यासाठी मी पाच गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, मुलांची वही. देवळाच्या वर्गणीची वही घातली तशीच गावातील प्रत्येक शाळकरी मुलाचे नाव असलेली एक वही घालावी. मूल कोणत्या इयत्तेत आहे, कोणती परीक्षा यंदा आहे, कोणता दाखला आहे आणि कोणता नाही, एवढेच तीत लिहावे. दोन शिकलेल्या तरुणांनी ती सांभाळावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः सभामंडपात बसेन आणि कागद तपासून देईन. त्याची फी एक कप चहा, तोही आग्रह केला तर.

दुसरी गोष्ट, संध्याकाळचा दीड तास. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील ग्रामस्थांनी ठरविले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टी. व्ही. आणि मोबाईल बंद होतील, ते साडेआठला पुन्हा भोंगा वाजल्यावरच चालू होतील. तेवढा वेळ मुलांनी अभ्यास करायचा. वडगावला भोंगा वाजतो, आपल्याकडे तर नवी घंटा आली आहे. आरतीनंतर दीड तास मोबाईल बाजूला, एवढा नेम करावा. मात्र तो मोठ्यांनीही पाळला पाहिजे. बाप ओसरीवर मोबाईल पाहत बसला आणि मुलाला म्हणाला ‘अभ्यास कर’, तर मूल का ऐकेल?

तिसरी गोष्ट, वाचनालय. घाटावर महाबळेश्वर तालुक्यात भिलार गाव आहे. २०१७ साली ते पुस्तकांचे गाव झाले. तिथे लोकांनी पुस्तकांसाठी आपल्या घरातल्या खोल्या उघड्या केल्या. आपल्याला एवढे मोठे काम नको. नव्या सभामंडपाच्या बाजूची खोली वर्षातून चार दिवस भांडी ठेवायला लागते. उरलेले दिवस तिथे दोन कपाटे, एक लांब टेबल, दोन बाकडी आणि एक चांगला दिवा असावा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. वाचनालय नीट चालविले तर पुढे शासनमान्यतेसाठी अर्जही करता येईल.

चौथी गोष्ट, आई आणि आजी. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत बसल्या. सही करता यावी, पोथी वाचता यावी एवढीच त्यांची इच्छा. त्याआधीही १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती, आणि गावेच्या गावे प्रौढांना साक्षर करण्याच्या कामाला लागली होती. आजही पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी सरकारने २०२२ ते २०२७ या काळाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला आहे. त्यात शिकविणारे स्वयंसेवक असतात, आपली दहावी-बारावीची मुलेही ते काम करू शकतात. ज्या भगिनींची शाळा लग्नामुळे अर्धवट सुटली, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही घरी राहून घेता येते. आई पुस्तक घेऊन बसली की मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणावे लागत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सांगताना कोणास कडू वाटले तर क्षमा असावी. आपल्या गावच्या वेशीवर आदिवासी वाडी आहे. देवळाच्या पायासाठी वाडीवरच्या भावांनी आणि बहिणींनी किती दगड वाहिला, हे समितीला ठाऊक आहे. भातकापणी संपली, दिवाळी झाली, की ही कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले सोबत जातात. जूनमध्ये पटावर असलेले मूल डिसेंबरात भट्टीवर लहान भावंड सांभाळत असते, आणि दोन-तीन वर्षांत त्याची शाळा कायमची सुटते. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असते. ते गुरुजींकडून घेऊन जावे, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येते. त्याहून चांगले म्हणजे मूल गावीच आजी-आजोबांजवळ राहावे आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता गावाने वाटून घ्यावी. दुपारचे जेवण शाळेत मिळते. उत्सवाच्या महाप्रसादाला शेकडो पाने उठविणाऱ्या गावाला पाच-दहा मुलांचे रात्रीचे जेवण जड नाही.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते मंदिर खुले झाले. त्यांचे स्मारक ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यातील देवळाच्या वहीत वाडीची नावे असतील आणि मुलांच्या वहीत नसतील, तर ते शोभणार नाही. वहीची सुरुवात वाडीपासून करावी.

आता शाळेविषयी. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. काही कुटुंबे मुंबईस गेली, काहींनी मुले माणगावच्या इंग्रजी शाळेत घातली. कोणी कुठे शिकावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, मी कोणाला बोल लावीत नाही. परंतु २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिळविण्याचा निर्णय झाला होता, आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार पुढे आला, हे ध्यानात ठेवावे. शाळा गेली तर ज्याच्याकडे गाडीभाडे आहे त्याचे मूल शिकेल, ज्याच्याकडे नाही त्याचे घरी बसेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. म्हणजे शाळा कायद्यानेच आपल्या हाती दिली आहे. बैठकीची सूचना आली की ‘गुरुजी, सही कुठे करू’ एवढेच विचारून निघू नका. बसा, विचारा, सांगा.

मुंबईकर मंडळींना एक विनंती. तुमच्याजवळ पुन्हा मोठी वर्गणी मागत नाही, तुम्ही आधीच भरपूर दिले आहे. शिमग्याला आणि गणपतीला तुम्ही येता. तेव्हा एक सकाळ गावच्या मुलांना द्या. तुमच्यात कोणी रेल्वेत आहे, कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी कारखान्यात. त्या कामाला कसे लागलात, काय शिकावे लागले, ते मुलांना सांगा. विळे-भागाडला कारखाने आले. तिथे नोकरीस कोणते शिक्षण लागते हे आपल्याच मुलांना माहीत नाही. आणि येताना मिठाईबरोबर एक पुस्तक आणा.

बंधू-भगिनींनो, कळस चढला की जीर्णोद्धाराचे काम पुरे झाले असे आपण म्हणतो. दगडाचे काम पुरे झाले हे खरे. आता या मंडपात रोज संध्याकाळी मुले बसली पाहिजेत. समितीला माझी विनंती आहे की वर्गणीच्या वहीत मागे काही कोरी पाने उरली आहेत, त्यांवर मुलांची नावे घालावीत. नवी वही घेण्याचीही गरज नाही.

माझे बोलणे लांबले, महाप्रसादाची वेळ झाली आहे. ग्रामदेवतेच्या चरणी वंदन करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!