सातवीनंतरच्या वाटा आणि शाळेचे रजिस्टर



कान्हे फाट्यावरून आत वळणारा रस्ता टाकवे बुद्रुक, वडेश्वर ही गावे मागे टाकीत खांडी-सावळ्याकडे, सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जातो. आंद्रा नदीचे हे खोरे म्हणजे आंदर मावळ. येथील वाडीवरच्या मुलाची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत गावात असते. पुढचे शिक्षण म्हणजे पायपीट, एस.टी.ची प्रतीक्षा किंवा वसतिगृह. दहावीचा निकाल हाती आला की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घरात प्रथमच निघतो. त्याचे निम्मे उत्तर गावच्या प्राथमिक शाळेत कधीच लिहिले गेलेले असते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

प्रथम वाटांविषयी. दहावीनंतर अकरावी-बारावी हाच काय तो राजमार्ग, आणि तो न साधल्यास ठेकेदाराच्या हाताखाली कारखान्यात मजुरी, अशी पालकांची समजूत असते. या दोहोंच्या मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथील फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा. वेल्डर व वायरमन यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळतो. सरकारी कागदावर यांनाच जोडारी, कातारी, यंत्रकारागीर, वीजतंत्री, संधाता, तारतंत्री अशी नावे असतात; ती मुलांस आधी सांगून ठेवावीत, नाही तर घरच्याच वाटेवर परक्यासारखे उभे राहण्याची पाळी येते. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील पदविका तीन वर्षांची आहे. दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास तिच्या थेट दुसऱ्या वर्षात, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. म्हणजे मुलगा आय.टी.आय.त गेला म्हणून पदवीला मुकला, असे नव्हे. मुलींच्या बाबतीत परिचर्या व अध्यापन यांपलीकडे पाहिलेच जात नाही. वस्तुतः वरीलपैकी कोणतीही वाट त्यांना बंद नाही. शेतीकडे ओढा असणाऱ्यास कृषी पदविका आहे. ज्या ‘इंद्रायणी’ भाताने मावळाचे नाव सर्वदूर नेले, ते वाण वडगावच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये प्रसारित झाले, हे भातखाचरात वाढलेल्या मुलाला अवश्य सांगावे.

हाताने काम शिकविण्याची परंपरा या भागाला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे साहाय्य त्याला लाभले. तो केवळ कारखाना नव्हता. तेथे तरुणांना काम शिकविले जाई, आणि तेथून शिकून गेलेल्यांनी देशात ठिकठिकाणी काचेचा धंदा रुजविण्यास हातभार लावला. उलट, १९२२ मध्ये आंद्रेच्या पाण्यावर घाटाखाली भिवपुरीचे वीजगृह चालू झाले व वीज मुंबईकडे गेली. ठोकरवाडीच्या जलाशयाकाठच्या किती घरांतून आजवर एक तरी वीजतंत्री तयार झाला, याची मोजदाद त्या त्या गावच्या शिक्षकाने एकदा करून पाहावी.

आता शाळेच्या रजिस्टराविषयी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते व ती मिळाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा त्याहून आधी, पाचवीत होते. या परीक्षा शिक्षकांना ठाऊक आहेत; रजिस्टराकडे मात्र दुर्लक्ष होते. पहिलीत नाव घालताना जन्मदाखला नसला की पूर्वी सरसकट १ जून ही तारीख टाकली जाई. गावोगावच्या निम्म्या प्रौढांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो यामुळे! त्यात हसण्याजोगे असले तरी, आय.टी.आय.स किमान चौदा वर्षे वय लागते आणि नोकरीस कमाल वयाची अट असते. वर्षाची चूक पंधरा वर्षांनी नडते.

याहून गंभीर प्रश्न जातीच्या नोंदीचा. आंदर मावळात महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील नाव ‘कोळी महादेव’ असे असताना अनेक जुन्या रजिस्टरांत नुसते ‘कोळी’ एवढेच लिहिलेले आढळते. लिहिणाऱ्याला तेवढे पुरेसे वाटले असेल. परंतु व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी २००० च्या कायद्याखालील पडताळणी समिती वाडवडिलांच्या शाळेतील नोंदी तपासते. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदीला तेथे विशेष वजन असते. एका शब्दाच्या अभावी पात्र मुलाचा प्रवेश अडतो, व ती जागा निघून जाते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. कोणाची कणव आली म्हणून जुन्या नोंदीत शब्द घुसडणे किंवा खाडाखोड करणे हा उपाय नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्याने खरी नोंददेखील संशयास्पद ठरते. दुरुस्ती रीतसर पुराव्यानिशी, शिक्षण खात्याच्या मंजुरीनेच व्हावी, आणि तीही मूल शाळेत असेतोवर. दाखला निघाल्यावर ती फार अवघड होते. जुन्या नोंदीचा उतारा मागण्यास पालक आला तर त्याला चार खेपा घालावयास लावू नये. खांडीहून येणाऱ्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी असते.

म्हणून सातवीचा वर्ग हाती असलेल्या शिक्षकाने दिवाळीनंतर प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख व जात ही नोंद पालकासमोर एकदा वाचून दाखवावी. आजोबांचा शाळेचा दाखला घरात कोठे आहे, हे विचारावे; नसल्यास ते कोणत्या शाळेत शिकले ते लिहून घ्यावे. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरी वडगावला आहे, तर आदिवासी मुलामुलींच्या शासकीय वसतिगृहाची चौकशी घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात करावी लागते, हेही त्याच बैठकीत सांगावे. सुगी उरकलेली असते, त्यामुळे पालक त्या दिवसांत घरी भेटतात.