उमेदवारास शिकविताना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



अकोल्यास एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात आम्ही हिशेबनीस होतो. हाताखाली आलेल्या एका उमेदवारास रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे सारे आम्ही पहिल्याच दिवशी एका दमात सांगून मोकळे झालो. आठव्या दिवशी खतावणीत चूक निघताच त्यास चारचौघांत टाकून बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा आला नाही. कित्येक रात्री आम्हांस झोप लागली नाही. ते शल्य आजही आहे.

सांगणे म्हणजेच शिकविणे, ही आमची समजूत चुकीची होती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. मल्लखांब काही व्याख्यानाने येत नाही. गुरुजी पकड करून दाखवितात, शिष्य आधाराने चढतो, मग आधार सुटतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही प्रत्यक्ष कामास वर्गातील शिक्षणाची जोड दिली आहे.

पुढे आम्ही क्रम बदलला. आठवडाभर केवळ रोजकीर्द. प्रथम आम्ही लिहावे, नंतर दोघांनी मिळून, शेवटी त्याने एकट्याने. चूक दाखवावयाची ती एकांतात. उमेदवार टिकू लागले, आणि आमच्याही जिवास स्वस्थता लाभली.

आपल्या दुकानात, कचेरीत नवा मुलगा येईल, तेव्हा त्याची पहिली चूक आपण पोटात घालावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.