टाकी धुण्याचा धंदा आणि वैशाखातलं ऊन

आम्ही रनाळ्याच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. पापड-लोणच्याखेरीज गटाला दुसरं काय करता येईल, असं बऱ्याच जणी विचारतात. आम्ही पाण्याच्या टाक्या धुतो. त्याविषयी आज बोलू.

दुबईसारख्या वाळवंटातल्या शहरात पोहण्याच्या तलावांची निगा राखणं हा मोठा धंदा आहे. आपल्याकडे असे तलाव कुठले? पण छतावर काळी टाकी आता बहुतेक घरी दिसते. अडचण मात्र तीच, ऊन. उघड्या तलावातलं क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत बरंचसं उडून जातं. तिथे ते टिकवायला वेगळं रसायन घालतात. आपलं पाणी पिण्याचं, म्हणून तसलं काही घालायचं नाही. टाकीचं झाकण घट्ट ठेवायचं, एवढाच आपला उपाय. तरी पाणी तापलं की बंद टाकीतही क्लोरीन लवकर कमी होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा छतावरच्या काळ्या टाकीचं काय होत असेल ते नळाखाली हात धरला की कळतं.

सुरुवातीला लोक म्हणायचे, "पानी ते चांगलं दिखस, मंग टाकी कसाले धोवानी?" यावर आम्ही वाद घालत नाही. पाणी आटत आलं की टाकीच्या तळाचा गाळ तांब्यात काढून दाखवतो. घरातली बाई तो तांब्या बघते आणि पुढचं तीच ठरवते.

उन्हाळ्यात काम सकाळी सहाला सुरू आणि दहाच्या आत बंद. त्यानंतर स्लॅबवर पाय ठरत नाही. नळाला पाणी यायचं असेल तोच दिवस धरतो. आदल्या रात्री घरच्यांनी पाणी वापरून टाकी खाली आणायची, उरलेल्या दोन-चार बादल्यांत आम्ही घासतो. घासलेलं पाणी झाडांना. पाणीटंचाईत भरलेली टाकी रिकामी करायला सांगितली तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. साबण, निरमा आत घालत नाही, नुसता लांब दांड्याचा ब्रश. छोटी टाकी बाहेरूनच धुता येते. जमिनीखालच्या सिमेंटच्या टाकीचं झाकण बरंच आधी उघडून ठेवतो, एक आत उतरते, दुसरी दोर धरून वर. एकटीनं उतरायचं नाही.

टीसीएल पावडर हे या कामातलं मुख्य सामान. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उन्हात, ओलीत पडली की ते घटतं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्याला वापरायची नाही. म्हणून स्वस्त पडते म्हणून मोठी गोणी आम्ही घेत नाही. थोडी घेतो, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, घरातल्या गार अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. 1000 लिटरला 5 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि अर्धा तास नळ बंद. मग ओटी टेस्ट. नळीतलं पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. ते पाणी लगेच फेकायचं, प्यायचं नाही. पिवळा रंग घरच्यांना दाखवल्याशिवाय आम्ही पैसे मागत नाही. आणि टीसीएलजवळ संडास धुण्याचं ॲसिड कधीही आणू नका, दोन्ही मिसळलं की विषारी वायू निघतो.

आता पैसे. 1000 लिटरच्या टाकीला 300 रुपये, वर्षातून चार वेळा धुवायची असेल तर 1000. सूट दिल्यासारखं वाटतं, पण आमचं पोट या वर्षाच्या बोलीवरच आहे. एकेक गिऱ्हाईक शोधत गल्लोगल्ली फिरलं तर निम्मी सकाळ चालण्यातच जाते. वर्षाची बोली असली की एका गल्लीतल्या चार टाक्या एका सकाळी होतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्याआधीचे पंधरा दिवस आम्हाला उसंत नसते. जूनमध्ये शाळा, आश्रमशाळा उघडतात, त्यांच्या टाक्या मे महिन्यातच मागून घ्याव्यात. पावसाळ्यात काम कमी, पण गढूळ पाण्यामुळे गरज जास्त. तेव्हा वर्षाची बोली उपयोगी पडते.

बायका छतावर चढतात म्हणून थोडं बोलणं होतं. जुना शर्ट आणि सलवार घालून चढतो, साडीत शिडीवर पाय अडकतो. बोलणारे बोलून दमले.

एका कामाला मात्र आम्ही नाही म्हणतो. "आलाच आहात तर शौचालयाची टाकीपण उपसा, जास्त पैसे देतो," असं कुणी ना कुणी म्हणतंच. माणूस उतरवून ती टाकी साफ करून घ्यायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे आणि आतल्या वायूनं माणसं मरतात. उपसणारी मशीनची गाडी बोलवा, असं आम्ही सांगतो. गेल्या महिन्यात दोन घरी हेच सांगावं लागलं. एकानं रागानं पाण्याच्या टाकीचं कामही काढून घेतलं. वहीतून ते नाव खोडलं आणि त्या सकाळी शेजारच्या अंगणवाडीची टाकी घेतली.