सहाव्या वर्षीची दाढ

गिरगावच्या चाळींत सकाळी नळावर गर्दी होई, तेव्हा ज्याच्या त्याच्या तळहातावर चिमूटभर राखुंडी असे. घासून पांढरा केलेला दात टिकतो, असा त्या पिढीचा समज. पुढे १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी परळ येथे विको ही कंपनी काढली व वनस्पतींचे दंतमंजन बाजारात आणले. त्याचे नाव ‘वज्रदंती’. शब्द मोठा समर्पक आहे. दातावरील कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, ते मानवी देहातील सर्वांत कठीण द्रव्य असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो.

परंतु या वज्रात एक उणेपण आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात. तेथे पडलेले भोक देहाला पुन्हा बुजविता येत नाही.

‘कीड’ या शब्दाने पुष्कळांची फसगत केली आहे. दातात अळी नसते. बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली ग्रंथरूपाने मांडले की, तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेचे व पिठाचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल खनिज विरघळविते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच ही क्रिया सुरू होते. लाळेला ते आम्ल निवविण्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली हेही महत्त्वाचे. जेवणात दोन मोदक खाऊन चूळ भरणाऱ्या मुलापेक्षा, गणेशोत्सवात लालबागच्या मंडपामंडपांतून दुपारभर पेढे व खडीसाखर चघळीत हिंडणाऱ्या मुलाच्या दातांची हानी अधिक. लाळेला उसंतच मिळत नाही!

आरंभी दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. वरचा थर शाबूत, आतले खनिज झिरपून गेलेले. दुखत काहीच नाही, म्हणून कोणी पाहात नाही. आणि नेमक्या याच वेळी लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट, तसेच फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, यांच्या योगे डाग भरून येऊ शकतो. थर एकदा ढासळला की आम्ल खालच्या मऊ दंतिनात शिरून आडवे पसरते. मग थंड पाणी झोंबते, पुढे गाभ्यातील मज्जातंतूंपर्यंत कीड पोहोचते व रात्रीची झोप उडते.

“दुधाचा दात, पडायचाच आहे,” हे घरोघरचे वाक्य येथे घातक ठरते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईला ती दुधाचीच वाटते. तिच्या माथ्यावरील खाचा खोल असतात. ब्रशचे केस तेथे नीट पोहोचत नाहीत. मूल नऊ-दहा वर्षांचे होते, गाल सुजतो, आणि दादरचे आजोबा नातवाला घेऊन मुंबई सेंट्रलजवळच्या, १९३३ साली स्थापन झालेल्या नायर दंत महाविद्यालयाच्या रांगेत बसतात. आपली पाळी आल्यावर ते विचारतात, “ही पडली की दुसरी केव्हा येईल?”